गरबा की मगर? जुना डिजिटल कॅमेरा बदलताना

कॅमेरा बदलायचा विषय निघाला की सगळ्यात आधी मेगापिक्सेलचा आकडा पुढे येतो. जुना सातचा, नवा वीसचा, म्हणजे फोटो जवळजवळ तिप्पट चांगले येणार असं वाटणं साहजिक आहे. खोक्यावरही तोच आकडा ठळक छापलेला असतो. पण घरच्या कामाला सात मेगापिक्सेल कधीच कमी नव्हते. अल्बममधला चार बाय सहा इंचांचा फोटो चांगला छापायचा तर इंचाला ३०० ठिपके धरतात. म्हणजे १२०० गुणिले १८००, साधारण २२ लाख ठिपके. सात मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ते ७० लाख असतात. तरीही त्याचे रात्रीचे फोटो हललेले आणि दाणेदार येतात, कारण तिथे प्रकाश कमी पडतो. नवा कॅमेरा निवडताना प्रकाशाचा हा हिशोब समजून घेतला, तर बाकीच्या आकड्यांचं दडपण उरत नाही.

बडोद्याला दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या आत्याकडे कॅननचा पॉवरशॉट ए५७० आयएस आहे. २००७ सालचं मॉडेल, ७.१ मेगापिक्सेल, चारपट झूम, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. तो आजही चालू आहे, आणि दिवसाउजेडी त्याचे फोटो अजूनही छान येतात. आत्याची तक्रार रात्रीची. "अरे, नवरात्रात नातीचा एक फोटो धड येत नाही. तोंड कुठलं आणि ओढणी कुठली तेच कळत नाही," असं ती म्हणाली. आतोबांचं म्हणणं निराळं. ते सकाळी कमाटीबागेत फिरायला जातात आणि काळ्या घोड्याजवळच्या पुलावर थांबून विश्वामित्रीतल्या मगरी बघतात. भर शहरातल्या नदीत मगरी असणं बडोदेकरांना नवीन नाही, पण आतोबांचा त्यांच्यावर फार जीव. त्यांना काठावरची मगर फोटोत पूर्ण मोठी दिसायला हवी. कॅमेरा एकच घ्यायचा होता, तोही खिशात किंवा पर्समध्ये मावणारा.

गरबा आणि मगर या दोन मागण्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. त्या का उलट आहेत ते कळलं, की कॉम्पॅक्ट, म्हणजे खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांचं बरंचसं गणित उलगडतं.

प्रकाश किती आत येतो

फोटोत किती प्रकाश जमा होणार हे तीन गोष्टींवर ठरतं: सेन्सर किती मोठा, लेन्सचं तोंड किती उघडतं, आणि शटर किती वेळ उघडं राहतं.

आधी सेन्सर, म्हणजे लेन्सच्या मागची प्रकाश टिपणारी चिप. ए५७० सारख्या जुन्या कॅमेऱ्यांत जो सेन्सर असे तो साधारण ५.८ बाय ४.३ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. क्षेत्रफळ जेमतेम २५ चौरस मिलिमीटर. आजच्या चांगल्या कॉम्पॅक्टमध्ये ज्याला 'एक इंच' सेन्सर म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, ११६ चौरस मिलिमीटर. इथे एक सावधगिरी. त्या सेन्सरची कुठलीच बाजू एक इंच नसते. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून ही नावं चालत आली आहेत. म्हणून नावाकडे न बघता मिलिमीटरमधली लांबी-रुंदी शोधावी आणि गुणाकार करावा. त्याच्या पुढची पायरी एपीएस-सी, साधारण ३६७ चौरस मिलिमीटर. फुजीफिल्मच्या एक्स१०० मालिकेत आणि रिकोच्या जीआर मालिकेत हा सेन्सर असतो.

मग लेन्सचं तोंड, म्हणजे अपर्चर. लेन्सभोवती बारीक अक्षरांत १:२.६-५.५ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा झूम न करता असलेल्या स्थितीचा, दुसरा झूम पूर्ण ताणल्यावरचा. आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं, आणि प्रकाश त्या आकड्याच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलतो. २.६ आणि १.८ यांत फरक किरकोळ दिसतो, पण २.६ भागिले १.८ करून वर्ग केला की उत्तर २ च्या थोडं वर येतं. म्हणजे प्रकाश दुप्पट.

आता दोन्ही एकत्र करू. कॅननचाच २०१९ चा जी७ एक्स मार्क ३ घ्या: एक इंच सेन्सर, अपर्चर १.८ ते २.८. सेन्सर आत्याच्या कॅमेऱ्याच्या पावणेपाच पट, तोंडातून येणारा प्रकाश दुप्पट. गुणाकार साधारण दहा. त्याच गरब्यात, शटर तेवढाच वेळ उघडं ठेवून, हा कॅमेरा झूम न करता दहापट प्रकाश गोळा करतो.

या दहापटीने काय होतं ते बघण्यासारखं आहे. प्रकाश कणाकणाने येतो आणि ते कण एकसारखे पडत नाहीत. एखाद्या ठिपक्यावर सरासरी १०० कण पडणार असतील, तर प्रत्यक्षात कधी ९० पडतात, कधी ११०. हा चढउतार संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. शंभराला दहा, म्हणजे दहा टक्के. हजार कण आले तर चढउतार साधारण ३२, म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास. फोटोत जे दाणे दिसतात त्यांतले बरेचसे हेच. दहापट प्रकाश आला की दाणे एकतृतीयांशावर येतात. आयएसओ (चित्र किती उजळवायचं ते ठरवणारा कॅमेऱ्यातला आकडा) वाढवल्यामुळे फोटो खराब होतो असं आपण म्हणतो, पण खरा दोष कमी प्रकाशाचा. आयएसओ वाढवून कॅमेरा त्या थोडक्या प्रकाशाला नुसतं उजळवतो.

शिवाय सेन्सरची बनावटही बदलली आहे. २००७ च्या त्या कॅमेऱ्यात सीसीडी या जुन्या प्रकारचा सेन्सर होता. २००९ च्या सुमारास छोट्या कॅमेऱ्यांत अशा प्रकारचा सीमॉस सेन्सर येऊ लागला, ज्यात तारांचं जाळं प्रकाश टिपणाऱ्या थराच्या मागे नेलेलं असतं. त्यामुळे आलेला प्रकाश तारांवर अडून वाया जात नाही. हा फायदा वरच्या दहापटीत धरलेलाच नाही.

गरब्यात आयएस काय करतो आणि काय नाही

आत्याच्या कॅमेऱ्याच्या नावातच 'आयएस' आहे, म्हणजे हात हलला तरी लेन्समधला एक भाग सरकून चित्र स्थिर ठेवण्याची सोय. मग नातीचा फोटो हलतो कसा? कारण ही सोय फोटो काढणाऱ्याच्या हाताचा कंप मारते. समोर फेर धरून नाचणाऱ्या मुलीला ती थांबवू शकत नाही.

टाळी देताना हात सेकंदाला दोन मीटर वेगाने फिरतो असं धरा. शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाइतकं उघडं राहिलं, तर तेवढ्यात हात जवळजवळ सात सेंटीमीटर सरकतो, आणि फोटोत पंजाच्या जागी नुसता पट्टा येतो. शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाइतकं केलं तर हात आठ मिलिमीटरच सरकतो. बांगड्या मोजता येतात. पण तिसावरून अडीचशेवर जायचं म्हणजे प्रकाश आठपटीहून जास्त घटवायचा. जुन्या कॅमेऱ्याला हे परवडतच नव्हतं, म्हणून तो आपला आपण हळू शटर निवडायचा. नव्या कॅमेऱ्याने कमावलेली दहापट इथे खर्ची पडते. फोटो पूर्वीइतकाच दाणेदार आला तरी तो स्थिर येतो, आणि आत्याला नेमकं तेच हवं आहे.

म्हणून रात्रीच्या कार्यक्रमासाठी कॅमेरा घेणाऱ्याने आयएस आहे का, एवढं विचारून थांबू नये. सेन्सर केवढा आणि अपर्चर किती, हेही विचारावं.

उलट उदाहरणही बडोद्यातच आहे. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा, एकोणिसाव्या शतकात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा. वरच्या मजल्यांच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत: कृष्णलीला, मराठे-इंग्रजांची लढाई. आत उजेड बेताचाच. पण तिथे काहीच हलत नाही. श्वास रोखून, कोपर भिंतीला न टेकता पोटाशी धरून, शटर सेकंदाच्या दहाव्या भागावर आणि आयएसओ कमी ठेवून आत्याचा जुना कॅमेराही तिथे चांगला फोटो देतो, आणि त्याचं श्रेय आयएसला. (फ्लॅश मात्र बंद. जुन्या रंगांवर फ्लॅश मारू नये, आणि फोटो काढायच्या आधी तिथल्या माणसाला विचारावं.) काळोखात फोटो येत नाही म्हणून कॅमेरा बदलायला निघालेल्या माणसाने आधी स्वतःला विचारावं की आपल्या काळोखात माणसं हलतायत की भिंती उभ्या आहेत.

आता मगर

हिवाळ्यात सकाळी उन्हाला आलेली मगर काठावर तास तास पडून असते. ऊन भरपूर, हालचाल शून्य. इथे मोठा सेन्सर नसला तरी चालतं. इथे पल्ला लागतो.

झूमचे 'चाळीसपट', 'तीसपट' हे आकडे फसवे, कारण कशाच्या चाळीसपट ते त्यात कळत नाही. मिलिमीटरमधली लांबी बघावी, जी कंपन्या जुन्या फिल्मच्या मापात रूपांतर करून देतात. त्या मापात एक सोपा हिशोब आहे: अंतराला ३६ ने गुणायचं आणि त्या लांबीने भागायचं. आलेलं उत्तर म्हणजे फ्रेममध्ये मावणारी रुंदी. पुलावरून मगर १०० मीटरवर आहे असं धरा. जी७ एक्स मार्क ३ चा झूम १०० मिलिमीटरला संपतो, म्हणजे फ्रेममध्ये ३६ मीटर काठ येणार आणि तीन मीटरची मगर त्यात काठीएवढी दिसणार. कॅननचाच २०१८ चा एसएक्स७४० एचएस ९६० मिलिमीटरपर्यंत जातो; त्यात पावणेचार मीटर रुंदी मावते, म्हणजे मगर नाकापासून शेपटीपर्यंत फ्रेम भरून.

आतोबांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "मग हाच घेऊ की. नवा आहे, वीस मेगापिक्सेल आहे, गरबापण येईल त्यात."

इथेच बहुतेक लोक फसतात, म्हणून हा हिशोब त्यांच्यासमोर कागदावर मांडला. एवढा पल्ला खिशात मावणाऱ्या अंगात बसवायचा तर सेन्सर छोटाच ठेवावा लागतो. एसएक्स७४० चा सेन्सर २८ चौरस मिलिमीटर, आत्याच्या जुन्या कॅमेऱ्याहून किंचित मोठा. आणि अपर्चर ३.३ पासून सुरू. २.६ च्या तुलनेत लेन्समधून प्रकाश येतो तो सुमारे ६२ टक्के. सगळं गुणून बघितलं तर झूम न करता हा २०१८ चा कॅमेरा २००७ च्या कॅमेऱ्यापेक्षा कमी प्रकाश गोळा करतो, सुमारे सात दशांश. सेन्सर नव्या बनावटीचा असल्यामुळे ही तूट बरीचशी भरून निघते, पण गरब्यात डोळ्यांत भरेल असा फरक पडत नाही. कॅमेरा वाईट नाही. मगरीसाठी तो उत्तम आहे. गरब्यासाठी तो अपग्रेड नव्हे.

"मग मधला काही नाही का?" आत्याचा प्रश्न बरोबर होता. आहे. पॅनासॉनिकच्या टीझेड२०० मध्ये एक इंच सेन्सर आणि ३६० मिलिमीटर झूम. सोनीच्या आरएक्स१०० मार्क ७ मध्ये एक इंच सेन्सर आणि २०० मिलिमीटर. पण पॅनासॉनिकचं अपर्चर ३.३ पासून, सोनीचं २.८ पासून. १.८ शी तुलना केली तर पॅनासॉनिकच्या लेन्समधून प्रकाश तिपटीहून कमी येतो. १०० मीटरवरच्या मगरीला ३६० मिलिमीटरमध्ये दहा मीटरची फ्रेम मिळते, ठीकठाक. प्रवासाला, लग्नाला, दिवसा सगळ्याला हे कॅमेरे फार सोयीचे आहेत. फक्त दोन्ही टोकांना थोडं थोडं सोडून द्यायची तयारी हवी.

माझं मत मी दोघांना सरळ सांगितलं. एकच कॅमेरा घ्यायचा असेल तर रात्रीच्या कामाला अग्रक्रम द्यावा. दिवसा बहुतेक सगळे कॅमेरे चांगले असतात. मगर मोठी आली नाही तर उद्या सकाळी ती पुन्हा तिथेच असते, तर नातीचा या वर्षीचा गरबा पुढच्या वर्षी मिळत नाही.

फोन असताना कशाला?

हा प्रश्न आतोबांनी नाही, त्यांच्या मुलाने विचारला आणि तो टाळण्यासारखा नाही. कॅमेरे बनवणाऱ्या कंपन्यांच्या जपानी संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० साली जगभर दहा कोटींहून जास्त कॉम्पॅक्ट कॅमेरे दुकानांकडे रवाना झाले होते. २०२३ साली तो आकडा वीस लाखांच्याही खाली होता. फोनने हा बाजार खाल्ला, आणि रास्त कारणाने. फोन एका क्लिकमध्ये लागोपाठ अनेक चित्रं घेऊन ती एकमेकांवर बसवतो, त्यातून दाणे कमी करतो. तांबेकर वाड्यासारख्या स्थिर ठिकाणी चांगला फोन छोट्या सेन्सरच्या कॉम्पॅक्टला सहज मागे टाकतो.

गरब्यात मात्र या युक्तीला मर्यादा पडते, कारण प्रत्येक चित्रात माणूस वेगळ्या जागी असतो आणि त्यांची जुळणी करताना चेहरा मेणासारखा गुळगुळीत होतो. ज्यांच्याकडे एक इंचाच्या सेन्सरचा महागडा फोन आहे (शाओमी १३ प्रो सारखे फोन भारतात २०२३ पासून मिळू लागले) त्यांना रुंद फोटोंसाठी वेगळ्या कॅमेऱ्याची गरज खरोखरच कमी आहे. बाकीच्यांनी एवढं लक्षात ठेवावं: फोनच्या सोबतीला कॉम्पॅक्ट घ्यायचा तर तो एक इंच किंवा त्याहून मोठ्या सेन्सरचा, नाहीतर लांब ऑप्टिकल, म्हणजे लेन्सच्याच झूमचा. या दोन्हींपैकी काहीच नसलेला स्वस्त नवा कॉम्पॅक्ट फोनपेक्षा काहीही जास्त देत नाही. त्यावर जुन्या मोठ्या ब्रँडचं नाव असलं तरीही. कित्येकदा ते नाव फक्त परवान्यावर वापरलेलं असतं.

बाजार आक्रसल्यामुळे स्वस्त आणि बरे कॅमेरे जवळजवळ संपले, आणि उरले ते महाग. एक इंचवाल्यांचे भाव आज अर्ध्या लाखाच्या पुढे सुरू होतात. फुजीफिल्मचा २०२४ चा एक्स१०० सिक्स लाखाच्या बराच वर. ४० मेगापिक्सेल, एपीएस-सी सेन्सर, अपर्चर २, आणि झूम अजिबात नाही. प्रकाशाच्या हिशोबात तो जी७ एक्सच्याही पुढे आहे. पण आत्याला पुढे-मागे चालून फ्रेम साधायची सवय नाही, आणि गरब्याच्या गर्दीत ती शक्यही नसते, म्हणून तो बाजूला ठेवला.

जुन्यातला नवा

एवढे पैसे घालायचे नसतील तर वापरलेला एक इंचवाला कॅमेरा हा मला सगळ्यात शहाणपणाचा मार्ग वाटतो. सोनीने २०१२ साली पहिला आरएक्स१०० काढला, तोच खिशात मावणारा २० मेगापिक्सेलचा एक इंच सेन्सर घेऊन. २०१४ च्या मार्क ३ मध्ये अपर्चर १.८ ते २.८ झालं आणि वर उचलला जाणारा छोटा व्ह्यूफाइंडरही, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, आला. चष्मेवाल्यांना हा व्ह्यूफाइंडर फार उपयोगी पडतो. बाजूला नंबर जुळवायची बारीक पट्टी असते, त्यामुळे चष्मा काढूनही नीट दिसतं, आणि उन्हात स्क्रीन दिसेनाशी झाली तरी अडत नाही.

वापरलेला घेताना लेन्स बंद-चालू करून बाहेर-आत सहज सरकते का, कुरकुर करते का ते ऐकावं. मग अपर्चर ८ च्या पुढे नेऊन पांढऱ्या भिंतीचा किंवा निरभ्र आकाशाचा फोटो काढावा आणि तो मोठा करून बघावा. करडे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, त्यामुळे ती धूळ घरी साफ करता येत नाही. शेवटी मोबाइलचा टॉर्च तिरपा लावून लेन्सच्या आत बघावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. असा कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. बडोद्याच्या पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलेल्या कॅमेऱ्याला हे हमखास होतं. बॅटरी नवी घ्यावी लागेल असं धरूनच भाव करावा.

नवा घेणार असाल तर पक्कं जीएसटी बिल आणि भारतातली वॉरंटी. बाहेरून आणलेला कॅमेरा काही हजारांनी स्वस्त मिळतो, पण बिघडला तर त्याची वॉरंटी इथे चालेलच असं नाही.

आत्याने शेवटी वापरलेला, १.८ अपर्चरचा एक इंचवाला घेतला. आतोबा थोडे खट्टू झाले, पण त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याची रुंदी ३५ मिलिमीटरपासून सुरू व्हायची आणि याची २४ पासून. वरच्याच हिशोबाने दहा मीटरवरून जुन्यात दहा मीटर रुंदी मावायची, यात पंधरा मावते. मांडवीसारख्या भागात, जिथे मागे सरकायला रस्ताच नसतो, तिथे अख्खी इमारत फ्रेममध्ये घ्यायला ही वाढीव रुंदी खूप मोठी आहे, आणि आतोबांना जुन्या वाड्यांचाही नाद आहे.

मैदानावर पोचल्यावर

नवा कॅमेरा ऑटोवर ठेवला तर तो जुन्याच चुका करेल. त्याला सांगावं लागतं. मोडच्या चकतीवर एस किंवा टीव्ही (म्हणजे शटरचा वेळ आपण ठरवायचा) निवडायचं आणि शटर २५० वर, म्हणजे सेकंदाच्या अडीचशेव्या भागावर ठेवायचं. आयएसओ ऑटोवर, वरची मर्यादा ३२००. चेहरा किंवा डोळा ओळखणारा फोकस असेल तर तो सुरू. जुन्या कॅमेऱ्यात बटण अर्धं दाबून फोकसची वाट बघावी लागायची आणि तोवर मुलगी पुढे निघून जायची; नव्यात फोकस तिच्याबरोबर सरकत राहतो. झूम शक्यतो करू नये, कारण झूम केला की अपर्चर बारीक होतं. दोन पावलं पुढे जावं.

मैदानांवरचे एलईडी दिवे हा वेगळाच त्रास. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे कित्येक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण जलद शटरला दिसतं: एक फोटो उजळ, पुढचा काळपट, तर कधी फोटोत आडवे पट्टे. यावर दोन उपाय. एक, लागोपाठ चार-पाच फोटो काढून त्यातला बरा निवडणं. दुसरा, शटर १०० वर आणणं, म्हणजे दिव्याचं एक पूर्ण आवर्तन फोटोत येतं. १०० वर हाताची टोकं थोडी पुसट येतील, पण फेरात वळण घेण्याआधी मुलगी क्षणभर थबकते, तो क्षण पकडला तर चेहरा स्पष्ट आणि घागऱ्याचा घेर मात्र फिरताना दिसतो. मला स्वतःला हे फोटो पूर्ण थिजलेल्या फोटोंपेक्षा जास्त आवडतात. सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर मात्र गरब्यात वापरू नये. त्यात सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, आणि तेवढ्या वेळात फिरणाऱ्या दांडिया वाकड्या होतात. व्हिडिओ काढायचा तर सेटिंगमध्ये पाल (५० हर्ट्झच्या विजेशी जुळणारी व्हिडिओची पद्धत) निवडून सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम आणि शटर ५० किंवा १००. म्हणजे लखलख होत नाही.

लाल आणि जांभळ्या दिव्यांत चणिया-चोळीचा लाल रंग फाटतो. कापडाची वीण जाऊन नुसता लाल डाग उरतो. त्यासाठी एक्स्पोजर थोडं उणे करावं, म्हणजे फोटो जरा गडद घ्यावा, आणि जमल्यास रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती साठवणारी फाइल, सुरू करावं. जेपीईजीमध्ये एका रंगाच्या २५६ छटा मावतात, तर १२ बिटच्या रॉमध्ये ४०९६. कॉम्प्युटरवर नंतर रंग सुधारायला त्यात पुष्कळ वाव राहतो. घरच्या गणपतीच्या आरतीला मात्र एवढं काही लागत नाही. फ्लॅश बंद ठेवा, म्हणजे निरांजनाचा उजेड चेहऱ्यांवर तसाच राहतो.

जुन्याचं काय करायचं

जुनी कार्डं बहुतेक चालतात. नवा कॅमेरा जुनं एसडी कार्ड वाचतो. उलटं होतंच असं नाही. फार जुन्या कॅमेऱ्यांना २ जीबीच्या वरची कार्डं कळत नाहीत. सोनीचं जुनं मेमरी स्टिक किंवा ऑलिंपस-फुजीचं एक्सडी कार्ड असेल, तर वाचक-यंत्र मिळतंय तोवर फोटो उतरवून घ्या. नव्या कॅमेऱ्यात ४के व्हिडिओसाठी व्ही३० लिहिलेलं कार्ड घ्या. त्यावर सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिले जाण्याची हमी असते. खोटी कार्डंही बाजारात पुष्कळ आहेत, वर ६४ जीबी लिहिलेली आणि आत ८ असलेली. नवं कार्ड एकदा काठोकाठ भरून, फाइली उघडतात का बघून मगच त्यावर लग्नाचे किंवा नवरात्राचे फोटो काढा.

आणि जुना कॅमेरा भंगारात देऊ नका. सीसीडीच्या त्या रंगांवर आजची कॉलेजची मुलं फिदा आहेत, कोणीतरी आनंदाने वापरेल. कपाटात ठेवणार असाल तर आधी पेन्सिल सेल बाहेर काढा. आत राहिलेले सेल पाझरू शकतात आणि स्प्रिंगवर पांढरी-हिरवी खर जमते. आत्याच्या कॅमेऱ्यातले सेल काढले तेव्हा एकाच्या टोकाला ती धरायला लागली होती. कापसाला थोडं व्हिनेगर लावून पुसली, कोरडं केलं, आणि कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवला.